हरिभाऊंच्या गाडीतली टकटक

हे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत, की त्यातलं घडलेलं किती आणि मी घातलेलं किती, याची आता मलाच खात्री नाही. बायको म्हणायची, दर वेळी गाडीचा रंग बदलतो. पहिल्यांदा ती काळी होती असं वाटतं.

पापडी गावात इनास मिस्तरीचं गॅरेज होतं. इंजिन उघडून परत जोडलं की त्याच्याकडे दोन-चार नट उरायचेच. ते तो एका पत्र्याच्या डब्यात टाकायचा. किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. कुठले ते कळत नाही, आणि टाकवतही नाहीत.

मी तेव्हा नुकता इंजिनिअर झालो होतो. एकदा घाबरत विचारलं, "मिस्तरी, हे नट उरले कसे?"

"कंपनीनं जास्त घातलेले," इनास म्हणाला.

* * *

हरिभाऊंची केळीची बाग होती. स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी त्यांनी लिलावात एक जुनी विलायती मोटार घेतली. ती तीन बैलगाड्यांतून आली.

हरिभाऊ आणि त्यांची मंडळी हार घेऊन गॅरेजच्या दारात उभी. हरिभाऊंनी विचारलं, "मिस्तरी, मोटार कुठाय?"

"पहिल्या दोन गाड्यांत."

"आणि तिसरीत?"

इनासनं तिसऱ्या गाडीत बराच वेळ डोकावून पाहिलं. "ते अजून ठरायचंय."

हार शेवटी बैलाला घातला.

* * *

गाडी उभी करायला पाच महिने लागले. कामाची वाटणी साधी होती. गिअरबॉक्स इनासनं बांधायचा. इंजिनचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, आणि त्याच्या बाजूच्या चकत्या मी बसवायच्या. आयुष्यात प्रथमच मी पुस्तक मिटून हात काळे करत होतो. प्रत्येक चकती तीनदा मोजली. चौथ्यांदा मोजायला गेलो तेव्हा इनास म्हणाला, "इंजिनेर, घासून जाईल ती!"

हरिभाऊंच्या घरून रोज दुपारी सुकेळी यायची. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवलेली, केळीच्या वाळक्या पानात गुंडाळून सोपटानं, म्हणजे केळीच्या खोडाच्या वाळक्या सालीनं, गाठ मारून बांधलेली पुडी. चिकट, काळपट, भलतीच गोड. इनास एक खायचा. बाकीची मी.

पाचव्या महिन्यात गाडी सुरू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा टकटक ऐकू आली.

सगळे माझ्याकडे बघत होते. किंवा मला तसं वाटलं.

* * *

माझ्या खिशात तेव्हा एक पत्र होतं. एका कॉलेजात इंजिनं शिकवायची नोकरी मिळाली होती, महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा होता. मी मनाशी ठरवलं, टकटक माझ्या चकत्यांची निघाली तर नकार कळवायचा. ज्याला एक इंजिन धड जोडता येत नाही, त्यानं साठ पोरांना काय शिकवावं? हे मी फक्त इनासला सांगितलं.

"साठ पोरांत एखादा तरी हुशार असेल," तो म्हणाला. "बाकीच्यांना तोच शिकवील."

* * *

टकटक ऐकायला गावोगावची माणसं येऊ लागली. चंदनसारचा धर्मा आला. त्याच्या शेतावर पाण्याचं ऑइल इंजिन होतं, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन. त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "पानी कमी हाय."

पाणी भरलं. टकटक तशीच.

"आता पानी जास्त झाला," धर्मा म्हणाला, आणि जेवायला घरी गेला.

* * *

मला शास्त्रीय पद्धत हवी होती. ओळखीच्या डॉक्टरांचा स्टेथोस्कोप मागून आणला. कानात नळ्या घातल्या, डोळे मिटले आणि इंजिनवर जागोजागी लावून बघू लागलो. बऱ्याच वेळानं ठोका अगदी स्पष्ट सापडला. धक्, धक्, धक्.

"सापडला!" मी ओरडलो. "खालून येतोय! जलद होत चाललाय!"

इनासनं माझ्या एका कानातली नळी हळूच काढली.

"इंजिन मी मघाशीच बंद केलंय," तो म्हणाला. "तुझं काळीज हाय ते."

* * *

मग एके दिवशी हरिभाऊच शोध लावून आले. "मिस्तरी, क्रूसापाशी आवाज थांबतो!"

रस्त्याच्या वळणावर एक क्रूस आहे. हरिभाऊ म्हणाले, तिथं पोचलं की टकटक बंद, पुढे गेलं की पुन्हा सुरू. एकदा नाही, सहा वेळा. त्यांनी क्रूसाला रोज चाफ्याची फुलं वाहायला सुरुवातही केली होती.

इनास चर्चला नेमानं जाणारा माणूस. तरी तो मला म्हणाला, "इंजिनेर, तू जा बसून बघ. मला यात घेऊ नको."

मी हरिभाऊंच्या शेजारी बसून गेलो. क्रूस दिसताच हरिभाऊंनी नमस्कारासाठी एक हात उचलला, गाडी हळू केली आणि डाव्या पायानं क्लच दाबला. टकटक थांबली.

मी म्हटलं, "हरिभाऊ, क्लच दाबला की थांबते."

"कुठंही?"

"कुठंही."

हरिभाऊ थोडे हिरमुसले. फुलं मात्र त्यांनी शेवटपर्यंत बंद केली नाहीत.

* * *

क्लच दाबल्यावर थांबणाऱ्या आवाजाची कारणं दोन. एक, गिअरबॉक्स, क्लच दाबला की तो इंजिनपासून सुटतो. दुसरं, क्रँकच्या बाजूच्या चकत्या. क्लचच्या दाबानं दांडा पुढे सरकून घट्ट बसतो. पहिलं कारण कुठल्याही मेकॅनिकला ठाऊक असतं. दुसरं पुस्तकात, तळटीपेत होतं.

मी दोन्ही इनासला सांगितली.

"गिअरबॉक्स माझ्या हातचा हाय," तो म्हणाला.

तीस वर्षांचा अनुभव एकीकडे, माझे पाच महिने दुसरीकडे. दोष माझाच, हे उघड होतं. घरी जाऊन मी नकाराचं पत्र लिहिलं.

सकाळी ते टपालात टाकायला जाताना गॅरेजवर थांबलो. इनासला पाकीट दाखवलं. त्यानं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"पेटी दुपारी उघडतात. घाई काय? तोवर झडपांच्या फटी जरा बघ. मोकळ्या वाटतात."

झडपांच्या फटींचा क्लचशी काही संबंध नाही, हे मला माहीत होतं. पण मला माहीत असलेल्या गोष्टींवर माझा फारसा विश्वास नव्हता. मी तासभर पट्टी घालून एकेक फट बसवत राहिलो. इनास गाडीच्या आत, सीटपुढची पायाखालची फळी काढून, काहीतरी खुडबुड करत होता.

गाडी सुरू केली. आवाज नाही. क्लच दाबला, सोडला. आवाज नाही.

"बघ!" इनास म्हणाला. "तुझ्या हातात गुण हाय."

मी पाकीट फाडलं. आनंदात भूक लागली म्हणून सुकेळी ठेवायच्या भिंतीवरच्या फळीवर पाहिलं. "सुकेळी कुठायत? आत्ता दोन पुड्या होत्या."

"लागली," इनास हात पुसत म्हणाला.

मला वाटलं, भूक लागली म्हणतोय.

* * *

मी एकतीस वर्षं शिकवलं. दर वर्षी ही टकटक सांगितली. क्लच दाबल्यावर थांबणारा आवाज झडपांच्या फटींनीही जाऊ शकतो, असं सांगितलं. पोरांनी परीक्षेत ते लिहिलं, आणि मी मार्क दिले.

निवृत्तीनंतर एकदा हरिभाऊंच्या मुलाचा निरोप आला. गाडी वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये उघडली होती. येऊन बघता का? इनास जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

आधी माझ्या चकत्या मोजल्या. मग दुसऱ्याचं मोजायचं साधन मागून पुन्हा मोजल्या. पुस्तकाप्रमाणे होत्या.

तेवढ्यात गिअरबॉक्सवर वाकलेला मेकॅनिक म्हणाला, "सर, एक दात तुटलाय. पण ते सोडा, आत हे काय भरलंय? आणि तेही पॅकिंगसकट!"

ट्रेमध्ये काळा चिकट गोळा होता. मी तो घरी आणला आणि तीन वेळा रॉकेलनं धुतला. सोपटाच्या गाठी निघाल्या. दोन.