पिवळं काढून

नंदनवन कॉलनीतले माझे शेजारी साधा पंखासुद्धा मला विचारून विकत घेत. कट्टर शाकाहारी माणूस, पण डॉक्टरांनी आजारी बायकोला अंडी सांगितली, तेव्हा गॅलरीत वेगळी शेगडी मांडून, तोंड फिरवून, अंडी उकडू लागले.

“भाऊ, पिवळं देऊ का तिले?”

मी कोलेस्टेरॉलचा जुना रोगी, म्हणजे स्वतःला अर्धा डॉक्टरच समजणारा. “छे जी, पिवळं एकदम वाईट!”

तेव्हापासून ते पिवळं कुत्र्याला घालून तिला नुसतं पांढरं भरवायचे.

वहिनी मागच्या महिन्यात गेल्या. काल ते गॅलरीतली शेगडी उचलत होते. खाली बघतच म्हणाले, “भाऊ, डॉक्टरनं अख्खं सांगितलं होतं. पिवळं देलं असतं तं वाचली असती का?”

“नाही जी,” मी घाईनं म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. याही वेळी त्यांनी माझंच ऐकलं.