तलाठ्याची मालिका आणि म्हात्रे काकांचे कान

नाडकर्णी मॅडमनी मला शिकवलं नसतं, तर त्या सकाळी मी म्हात्रे काकांना जाऊ दिलं असतं. ते खुर्चीतून अर्धे उठलेच होते.

"माझं कान बरोबर हायत," ते मोठ्यानं म्हणाले. "ह्या हल्लीच्या शिरियलीच वाईट हायत. एक पन धड नाय."

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे माणसाला किती ऐकू येतं ते मोजतो आणि गरज असेल तर कानाचं मशीन बसवतो. पनवेलच्या एका क्लिनिकमध्ये नोकरी करतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. वडील पेणजवळ वीटभट्टीवर कामाला होते. माझी शाळा मराठी आणि कॉलेजची लेक्चर्स इंग्रजीत. मला काही कळायचं नाही, पण मी सगळ्याला मान हलवायचो. नाडकर्णी मॅडमनी ते पहिल्याच महिन्यात ओळखलं. वर्गात एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर लॅबमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि तेच लेक्चर पुन्हा मराठीत दिलं. पुढे वर्षभर देत राहिल्या.

एकदा त्या म्हणाल्या, "ज्याला ऐकू येतं पण कळत नाही, तो एक तर सारखी मान हलवतो, नाही तर सारखा भांडतो. तू पहिल्या प्रकारचा. दुसऱ्या प्रकारचे तुला पेशंट म्हणून भेटतील. त्यांना सोडायचं नाही."

म्हात्रे काका दुसऱ्या प्रकारचे होते. राहायला करंजाड्याला. सगळी नोकरी तळोज्याच्या एका कारखान्यात कंप्रेसरच्या शेजारी. क्लिनिकला ते आपणहून आले नव्हते, काकूंनी आणलं होतं.

"मी खारघरला लेकीकडं ऱ्हायला चाल्ले," काकूंनी मला सरळ सांगितलं. "यांनी कान दाखवला तर थांबन. नायतर बॅग भरून ठेवलीय."

"टीव्हीचा आवाज फार मोठा लावतात का?"

"आवाजाचं काय नाय वो. मी काय पन लावलं का हे उठून गॅलरीत जातात. जेवन झालं का मी नि भिंत."

"मग लाव ना चांगली शिरियल!" काका म्हणाले. "सगल्यात भारी शिरियल एकच झाली. तलाठ्याची. तिच्यासारखी आधी नाय झाली, नंतर पन नाय."

ही मालिका जुन्या काळात दूरदर्शनवर आठवड्यातून एकदा लागायची, कोकणातल्या एका गावच्या तलाठ्याची.

"भारी कसली?" काकू उसळल्या. "तलाठी नुसता चालतो. गावातून चालतो, बांधावरनं चालतो. माझ्या शिरियलीत बघा, काल सासूनं सुनंच्या हातात चाव्या दिल्या. मी रडले."

"तुझ्या शिरियलीत सगली तोंडातल्या तोंडात बोलतात!"

दार उघडं होतं. बाहेर मुकादम चाचा बसले होते. त्यांचं बाजारात भांड्यांचं दुकान आहे आणि ते आपलं मशीन साफ करून घ्यायला येतात. त्यांना राहवलं नाही.

"तलाठीवाली उमदा होती, मान्य," ते म्हणाले. "पन अव्वल नंबर कोर्टवालीचा. काय ती जबान होती वकिलाची, वा!"

"चाचा, तुम्ही वेब सिरीज बघितल्याच नाहीत," रिसेप्शनवरची प्राची म्हणाली. "म्हणून असे नंबर देताय."

मग चौघं एकदम बोलू लागले. सर केबिनमधून बाहेर आले. क्लिनिक त्यांचं आहे.

"क्लिनिक आहे की पारावरची सभा?" त्यांनी मला विचारलं.

"हिस्ट्री घेतोय सर," मी म्हणालो. हिस्ट्री म्हणजे पेशंटची माहिती. ते मान हलवून आत गेले.

पण खरंच हिस्ट्री मिळत होती. काकू चाचांना सांगत होत्या, "तलाठी संपला आनि यांना काय पन आवडंनासं झालं. आधी नाटकं वाईट झाली. मग कीर्तनकार वाईट झाले. भाचीच्या हलदीत पन बसले नायत. बोलले, पोरी गानी गिलतात."

मी लिहायचं थांबलो. एखाद्याची आवड बदलते. पण नाटक, कीर्तन आणि हळदीची गाणी एकामागून एक बिघडत जातील, हे मला पटेना.

"काका, तुमचं बरोबर असेल," मी म्हणालो. "एकदा टेस्ट करू. कान ठीक निघाले तर काकूंना मी समजावतो."

या सौद्यावर ते बसले.

टेस्ट सोपी असते. बंद खोलीत हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. त्याचा ग्राफ निघतो. काकांची रेघ जाड आवाजांपाशी बरी होती. बारीक आवाजांपाशी ती घसरगुंडीसारखी खाली गेली. वर्षानुवर्षं मोठ्या मशीनशेजारी काम केलं की असं होतं. बोलण्यातला 'आ', 'ओ' जाड असतो, तो पोचतो. 'स', 'त', 'फ' बारीक असतात, ते गळतात. त्यामुळे कोणी तरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. आणि हे इतकं हळूहळू होतं, की माणसाला आपला कान बिघडला असं वाटतच नाही. लोक नीट बोलेनासे झाले, असं वाटतं.

मी ग्राफ समजावला. काकांनी तो बाजूला सारला.

"मशीन तुमचं. तुमी सांगाल तेच दाखवनार."

ते पुन्हा उठायला लागले. काकूंनी पर्स उचलली आणि दाराकडे बघितलं. मला एवढंच सुचलं.

"काका, तलाठ्याची मालिका बघायची का?"

ते थांबले. मी मोबाइलवर शोधली. कोणी तरी जुने भाग टाकले होते. टेस्टच्या खोलीतल्या स्पीकरवर नेहमीच्या बोलण्याइतका आवाज ठेवला आणि लावली. तलाठी बांधावर उभा होता, समोर एक विधवा बाई. काका पुढे झुकले. त्यांचा चेहरा उजळला होता. थोड्या वेळानं म्हणाले, "वाढव." मी वाढवला. आणखी थोड्या वेळानं म्हणाले, "कोनी तरी आवाज बिघडवलाय याचा. तवा असा नव्हता."

"नाय वो," काकू हळूच म्हणाल्या. "मला समजतंय सगलं. तो तिला बोलला, कागदावर नाव नसलं तरी जमीन तुला ओलखते."

काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "असं बोलला?"

"बोलला."

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. मग मला म्हणाले, "मंजे ह्यो पन? ह्यो पन तोंडातल्या तोंडात बोलतो?"

त्यांच्या आवडीची एकच गोष्ट उरली होती आणि ती मी त्यांच्यासमोर लावली होती. काकूंनी पर्स खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली.

"काय लावायचं ते लाव," काका म्हणाले.

मी दोन्ही कानांना ट्रायलची मशीनं बसवली. मशीन लावलं की लगेच सगळं गोड होत नाही. आधी पंखा आणि कागद ऐकू येतात, डोकं उठतं. तसं त्यांना सांगितलं. "मालिका परत लावू?" मी विचारलं.

"नको. घरी बघू. हिच्यासंगती."

पंधरा दिवसांनी ते फॉलोअपला आले, तेव्हा भांडण जिन्यापासूनच ऐकू येत होतं.

"ऐकली हिची शिरियल," काका खुर्चीत बसत म्हणाले. "रोज ऐकली. फालतू हाय."

काकू हसत होत्या. "आधी फालतू बोलून उठायचे. आता बसून सांगतात का फालतू हाय ते. काल सून खोटं बोलली, यांनी माझ्या आधी पकडली."

"आणि तलाठी?"

काकांनी आवाज खाली आणला. त्यांना आता तो आणता येत होता. "चालतो जरा जास्त," ते म्हणाले. "पन नंबर एक तोच."

बॅग रिकामी झाली होती. सर्वांत भारी मालिका कोणती, हे काही ठरलं नाही. माझ्या धंद्यापुरतं मी एवढं शिकलो, की माणूस कशाला नावं ठेवतो हे ऐकून घ्यावं, पण कधीपासून ठेवतो ते विचारावं.

त्या आठवड्यात मी नाडकर्णी मॅडमना पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. सोबत म्हात्रे काकांची केस लिहून पाठवत आहे. पत्राचं कारण मात्र वेगळं आहे. फोनवर बोलायचं होतं, धीर झाला नाही.

गेल्या वेळी तुम्ही म्हणालात, की हल्ली बातम्या वाचणाऱ्या मुलींना उच्चार येत नाहीत, म्हणून तुम्ही टीव्ही बंदच करून टाकलात. त्याआधी दिवाळीला म्हणाला होतात, गाण्याच्या कार्यक्रमांत आता राम उरला नाही. मी त्या बातम्या मुद्दाम बसून ऐकल्या. मुली स्वच्छ बोलतात, मॅडम.

याचा अर्थ मी तुम्हाला काय सांगणार? शनिवारी गाडी घेऊन येतो. टेस्ट मी घेईन. दार लावून घेऊ. ग्राफ तुम्हीच वाचा.

तुमचा विद्यार्थी,
संतोष