पाणी न नेता गेलो तो रविवार

गेल्या शनिवारी आमच्या गावात टँकर आलाच नाही. आधी म्हणाले तलवाड्याच्या रोडला पंक्चर होऊन उभा आहे, मग म्हणाले डिझेल नाही, मग कुणी काही म्हणायचंच सोडून दिलं... वाट बघायची सवय झालीय आता सगळ्यांना.

मी इथल्या सहकारी दूध संस्थेचा सेक्रेटरी. सध्या नावालाच. जनावरं चारा छावणीत गेली आणि दुधाचे कॅन रिकामे पडले. म्हणून दर शनिवारी त्यातले दोन टँकरवर भरून घ्यायचे आणि रविवारी सकाळी मोटारसायकलला बांधून प्रार्थनाघरात पोचवायचे, हे काम मी स्वतःच अंगावर घेतलेलं. तिथं वस्त्यांवरून म्हातारी माणसं चालत येतात... तहानलेली असतात.

गंमत म्हणजे मी ख्रिस्ती नाही. विश्वास शोभाचा होता, माझ्या बायकोचा. एका मोठ्या दुखण्यात तिचा येशूवर विश्वास बसला आणि शेवटपर्यंत टिकला. माझा काही बसला नाही. मी तिला न्यायचो, आणायचो, तिथल्या शेडला रंगसुद्धा मीच दिला, पण प्रार्थना सुरू झाली की बाहेर लिंबाखाली जाऊन बसायचो.

ती चिडायची नाही. एवढंच म्हणायची, "तुमी समदं करता, पर त्याच्याकडं कदी काई मागत न्हाई. तारण कमवून मिळत न्हाई वो... मागणाऱ्याला फुकट मिळतंय."

तारण म्हणजे पापातून सुटका, आपल्याकडं मोक्ष म्हणतात तसं. मी हसायचो. सगळं आयुष्य संस्थेत गेलेलं. जेवढं दूध घातलं तेवढंच बिल निघतं, हे मी गावाला शिकवलेलं. फुकटची गोष्ट मला पटणार कशी?

मागच्या पावसाळ्यात, म्हणजे त्याला पावसाळा म्हणायचं असेल तर, शोभा गेली. मुलगी पुण्याला असते. घरात मी आणि टीव्ही... बघत नाही, नुसता चालू ठेवतो. आपण येशूकडे चाललोय याची शोभाला पक्की खात्री होती. माझी अडचण वेगळीच. ती तिकडे, आणि मी कुठे? स्वर्गाचं मला एवढं काही पडलेलं नाही, पण तिच्याशिवाय राहायचं ते इथंच पुरे झालंय.

शेवटी मध्यंतरी प्रार्थनाघराच्या पास्टरना विचारलंच. तरुण आहेत, बीडहून एसटीनं येतात. म्हटलं, मी एवढं पाणी आणतो, ते कुठं धरलं जाईल का? त्यांनी खोटा धीर दिला नाही. "काका, पाण्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण त्यानं तारण होत नाही, विश्वासानं होतं. आणि विश्वास तुमच्या वतीनं दुसरं कुणी ठेवू शकत नाही."

राग आला. खूप आला. तरी पुढच्या रविवारी कॅन घेऊन गेलोच, कारण जायला दुसरं ठिकाण नव्हतं.

तर हा रविवार. कॅन कोरडे. आज जायचं नाही असं ठरवून टाकलं. पाणीच नाही तर आपलं तिथं काय काम... चहा केला, तो तसाच ठेवला.

थोड्या वेळानं दारात गयाबाई. प्रार्थनेला शोभाच्या शेजारी बसायच्या. पोरगा-सून ऊसतोडीला गेलेले, त्यामुळे त्याही एकट्याच. काही विचारायच्या आत मी सांगून टाकलं, पाणी नाही.

"पानी कुणी मागितलं? तुमी कावून आला न्हाईत ते बघाया आले."

मोकळ्या हातानं कसा येऊ, एवढंच मला बोलता आलं.

"आमी काय घिऊन येतो? आमी बी तसंच येतो की. चला, सेक्रेटरी."

गेलो. प्रार्थनेला पहिल्यांदाच आत, सतरंजीवर. माणसं मोजकीच होती, बाकीची सगळी कारखान्यांवर. गाणी झाली आणि मग साक्ष सुरू झाली. म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते ज्याला सांगायचंय त्यानं उभं राहून सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला, कुणाच्या नातीला काम लागलेलं.

मी कधी उभा राहिलो मलाच कळलं नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. शेवटी म्हणालो, "घरी लई एकटं वाटतंय. माझ्याच्यानं होत नाही आता... कुणी असेल तर सांभाळा मला."

हे कुणाला उद्देशून बोललो, तेव्हाही माहीत नव्हतं, आत्ताही नाही. गयाबाईंनी माझी बाही धरून मला खाली बसवलं आणि प्रार्थना संपेपर्यंत सोडली नाही.

विश्वास बसला का, असं मला विचारू नका. घरी आलो तेव्हा घर होतं तेवढंच रिकामं होतं. पण काहीही न नेता गेलो आणि तरी मला कुणीतरी न्यायला आलं होतं... गयाबाई, हे तुम्ही वाचणार नाही, तुमच्याकडे मोबाईलच नाही. उद्या घरी येऊन सांगतो.