डोहाकडची उतरण

‘हात नगा लावू,’ असं म्हणताना आत्या उजवा तळहात समोर धरायच्या, रस्त्यावरची गाडी थांबवावी तसा. समोरचा माणूस थबकला की आवाज जरा खाली आणून म्हणायच्या, ‘गरज लागली तर सांगंन.’ त्यांनी कधी सांगितल्याचं मला आठवत नाही.

त्या नात्याने माझ्या कुणी नव्हत्या. लग्न न झालेली, माहेरीच राहिलेली गावची लेक म्हणून लहानथोर सगळेच त्यांना आत्या म्हणत. वेल्ह्याच्या रस्त्याला लागून, नदीकाठी आमचं गाव. एसटी थांब्याच्या मागे त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले, म्हणून मशीन हाताने फिरवायचं. दुकानात त्या तळहातांवर भार देऊन सरकत आणि बाहेर जायला हाताने चालवायची तीनचाकी सायकल वापरत. त्यांचे दंड पाहून नवीन गिऱ्हाईक जरा दबूनच माप द्यायचं.

मी तालुक्याच्या बातम्या पाठवायचो. एसटीची वाट पाहत त्यांच्या उंबऱ्याशी टेकलो की ठरलेला प्रश्न यायचा, ‘काय बातमीदार, आज कुणाची अब्रू काढली?’

दुकानातून नदीवरचा घाट दिसतो. संस्थानच्या काळात घाटाला लागून पात्रातच दगडी भिंत घातली आणि पोहण्यासाठी डोह बांधून काढला. वर देऊळ, खाली डोह आणि मध्ये कुठे उंच, कुठे बुटक्या, झिजलेल्या पायऱ्या. गावातलं प्रत्येकजण याच पाण्यात पोहायला शिकलं. आत्यासुद्धा.

त्यांचे वडील मेंढरं राखायचे. लोकर कातरण्याआधी मेंढरं डोहात धुवायची रीत होती. शेवटचं मेंढरू वर काढलं की ते लेकीला खांद्यावर बसवून खाली आणत, पाठीला वाळका भोपळा बांधत आणि पाण्यात सोडून देत. ‘डोहात कुनाचंच पाय टेकत न्हाईत,’ आत्या सांगायच्या. ‘तितं मी आन बाकीची पोरं सारकीच.’

वडील गेले. पुढे भाऊ उचलून न्यायचा. मग आत्या मोठ्या झाल्या आणि बाईमाणसाला चारचौघांत असं उचलून नेणं घरच्यांना अवघड वाटू लागलं. त्यांनाही वाटू लागलं. ‘पोतं हाय का मी?’ असं एकदा म्हणाल्या आणि पाण्यात जाणं बंद केलं. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी डोह दुकानातून पाहिला. मशीनचं तोंड मात्र नदीकडेच ठेवलं.

घाटाची दुरुस्ती निघाली तेव्हा गावाने समिती नेमली. किराणा दुकानदार अण्णा तिचे प्रमुख. आत्या बैठकीला गेल्या आणि म्हणाल्या, ‘मला घाटावर माझं मला जाता आलं पायजे.’ कुणी हरकत घेतली नाही. उन्हाळ्यात पायऱ्यांच्या कडेने तीनचाकी जाईल असा चढाव बांधून झाला. अण्णा स्वतः दुकानात बोलवायला आले.

‘चला आत्या. तुमची सोय केली बघा. आता थेट देवाम्होरं.’

चढाव देवळात गेला होता. पाय अधू असलेली वयस्कर बाई घाटावर यायचं म्हणते ती दर्शनालाच, याबद्दल समितीत कुणालाही शंका आली नव्हती. आत्यांनी तीनचाकी वर नेली, देवाला हात जोडले, मग सायकल वळवून बराच वेळ खालच्या पाण्याकडे पाहत राहिल्या.

‘देव मला दुकानातनंबी दिसतो, अण्णा. मला डोहात उतरायचंय.’

‘या वयात पवायचं?’

‘तू या वयात पुढारी झालास, ते चाललं व्हय?’

जमलेले लोक हसले. अण्णाही हसले. आत्यांनी त्यानंतर मला विचारलं होतं, ‘आजून किती वरसं हात साथ देत्याल, सांग बरं?’ हे त्या गमतीने विचारत नव्हत्या. खांदा दुखायला लागला होता. मशीनचं चाक फिरवताना त्या मध्येच थांबायच्या.

पुन्हा बैठक झाली. जुन्या पायऱ्या फोडायला गवंडी तयार होईना, आणि ते बरोबरच होतं. तेव्हा डोहावर धुणं धुणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, ‘मेंढरं उतरायची ती वाट उकरा की.’ घाटाच्या कडेला तशी एक दगडी उतरण होती. मेंढरं धुणं थांबल्यापासून गाळाखाली गेलेली. मागून कुणीतरी बोललं, ‘आता आत्याला मेंढराच्या वाटंनं नेता का?’

आत्यांनी मागे न पाहता उत्तर दिलं, ‘माझ्या बाच्या मेंढरांची वाट हाय. मला चालती.’

गाळ निघाला. खालून फरश्या निघाल्या, मेंढरांच्या पायांनी गुळगुळीत झालेल्या. घसरू नये म्हणून गवंड्याने त्यांवर छिन्नीने खाचा पाडल्या आणि बाजूला लोखंडी नळीचा कठडा बसवायला घेतला. नेहमीच्या उंचीचा. आत्या उतरणीवर बसल्या आणि हात वर केला. कठडा डोक्यावर राहिला.

‘ह्यो उभ्या मानसाचा झाला,’ त्या म्हणाल्या. ‘मी बसून जानार.’

कठडा खाली आला. येणारेजाणारे विचारत, हा काय कोंबड्यांसाठी केला का? आत्या म्हणायच्या, ‘व्हय, त्यातली म्हातारी कोंबडी मी.’

पावसाळ्यानंतर पाणी निवळलं त्या सकाळी घाटावर बरीच माणसं होती. आत्यांनी जाड कापडाचा सैल सदरा आणि विजार स्वतः शिवून आणली होती. उतरणीच्या तोंडाशी भावाने पुढे वाकून हात दिला. तळहात समोर आला. भाऊ मागे सरला.

त्या बसून, कठड्याला धरून, एकेक हात खाली सरकत गेल्या. धुण्याचा आवाज थांबला होता. पाणी कमरेपर्यंत आलं, तेव्हा त्यांनी कठडा सोडला. क्षणभर त्या दिसेनाशा झाल्या आणि भाऊ चपलांसकट दोन पायऱ्या उतरला. मग डोहाच्या मध्यावर त्यांचं डोकं वर आलं. त्या उताण्या झाल्या आणि हात पसरून पडून राहिल्या.

‘आत्या, पानी गार हाय का?’ कुणीतरी ओरडलं.

‘उतरून बग की!’

पुढे पूर नसेल त्या प्रत्येक सकाळी त्या आल्या. तीनचाकी वर उभी दिसली की समजायचं, आत्या पाण्यात आहेत. गरोदर बायका त्या उतरणीने येऊ लागल्या, धुण्याचं ओझं घेतलेल्याही.

आत्या एका श्रावणात गेल्या, चार दिवसांच्या तापाने. नदी भरून वाहत होती. डोह, भिंत, उतरण, काहीच दिसत नव्हतं. दहावा झाला तो देवळाच्या चढावावर, पाण्यापासून लांब.

पूर ओसरला की उतरणीवर गाळ बसतो. धुणं धुणाऱ्या बायका दिवाळीच्या आधी तो ओढून काढतात; त्यांना कुणी सांगत नाही. कठडा उंच करावा असा विषय एकदा बैठकीत निघाला. अण्णांनी तो पुढे जाऊ दिला नाही.

परवा सकाळी मी घाटावर गेलो होतो. अण्णांचे गुडघे आता कामातून गेलेत. ते उतरणीच्या तोंडाशी जमिनीवर बसले, काठी बाजूला ठेवली आणि कठड्याला धरून सरकू लागले. मी आधाराला पुढे झालो.

त्यांनी तळहात समोर धरला.