सामना हरलो, आणि आक्कांनी फोन हातात घेतला

मंडळी, आज दुपारी मुरगूडच्या आमच्या घरी सगळी गल्ली टीव्हीसमोर बसलेली. रस्त्यावर स्केटिंग शिकलेली माझी पुतणी श्रावणी भारताच्या ज्युनिअर मुलींच्या आइस हॉकी संघाची गोलकीपर, आणि आज स्पर्धेतला शेवटचा सामना होता.

आठ गोल खाऊन आपण हरलो. लोक काय बोलतील, याची मला धास्ती.

थोड्या वेळानं श्रावणीचा फोन आला. रडतच म्हणाली, "काका, सगळ्यांना सॉरी सांगा."

शेजारच्या आक्कांनी फोन घेतला. "सॉरी कसलं गं? अंगावर झेलून किती अडवलंस, बघितलंय की आम्ही! ये तू, हलगी लावून आणतो."

पलीकडं पोरगी हसली.

आक्का, मनापासून आभार. मंडळी, तुम्ही हरलात तेव्हा असं कोण बोललं होतं?