झाडाले आवतन

आमच्या नऊ वर्षांच्या रेणूचा रक्ताचा कॅन्सर बरा झाला म्हणून गावात पेढे वाटले होते. दोन वर्षांनी तो परत आला. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, पुन्हा सुरू करू, पण या वेळी औषधं जड राहतीन, आन् खात्री देता येत नाही. मंगळवारी भरती व्हायचं होतं. शनिवारी आमी पातूरकडे निघालो. तिकडच्या एका वैद्याच्या मुळीनं कोणीतरी बरं झालं, असं माझी नणंद सांगत होती. कोण झालं, ते तिलेही माहीत नाही. पण हातावर हात ठेवून मंगळवारची वाट कोण पाहते?

ज्यायले जायचं हाये त्यायच्यासाठी रस्ता सांगते. चांदूर बाजारहून अमरावती तासभर. तिथून बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, अडीच तास धरा. अकोल्याहून पातूर आणखी एक तास, मंग खेड्याचा कच्चा रस्ता, कंबर मोडते. एसटी मिळते, पण असं लेकरू गर्दीत नेऊ नका. आमी माझ्या भावाची गाडी नेली. लेकराचं खाणं घरूनच न्या. मूर्तिजापूरले आमी दोघं नवरा-बायको कचोरी खात होतो, रेणू डब्यातली खिचडी चिवडत होती.

"मले एक घास दे ना कचोरीचा."

"नाही म्हटलं ना एकदा."

"मंग माह्यासमोर कावून खाता?"

तिच्या बाबांनी हातातली कचोरी कुत्र्याले टाकली.

वैद्य म्हातारे, धोतर स्वच्छ, पैसा घेत नाहीत, नारळ ठेवा लागते. नागपूरचे कागद त्यायनं उघडलेच नाहीत. म्हणाले, "मुळी अशीच उपटली तं काम करत नाही. आज सांजच्याले झाडाले आवतन द्या, लग्नाले देता तसं. उद्या सूर्य निघाला की उपटू. तोवर मायनं एक शब्द बोलायचा नाही."

रेणूचे बाबा म्हणाले, "हे कठीण हाये बुवा. हिच्याऐवजी मी चुप राहतो."

"बापाचं चालत नाही."

सांजेले शेताच्या धुऱ्यावर, म्हंजे बांधावर, एका झुडपापुढे मी हळदीचे तांदूळ ठेवले. झाडाचं नाव वैद्य सांगत नाहीत. दिसाले कुंपणातल्या कोणत्याही झाडासारखं. म्हटलं, "उद्या ये माय, माह्या लेकीसाठी ये." त्यानंतर तोंड बंद. वैद्याच्या ओसरीवरच झोपलो.

पहाटे हे वैद्यासोबत धुऱ्यावर गेले, आन् रेणू उठली.

"आई, मले थंडी वाजून राहिली."

हात लावला, अंग तापलं होतं. ताप आला की पळत दवाखान्यात या, हे डॉक्टरनं मले दहादा सांगतलं होतं. मी तिच्यावर गोधडी टाकली.

"आई, बोल ना. रागावली का तू?"

मी हातानं खुणावलं, थांब. पूर्वेले फटफटत होतं. थोडंच राहिलं होतं. मंग तिचे दात वाजू लागले, आन् मी ओरडली, "आवो, गाडी काढा!"

वैद्य हातात खुरपं घेऊन आले. रागावले नाहीत. "आवतन मोडलं बाई. आता पुढच्या शनिवारी या."

अकोल्याच्या दवाखान्यात लगेच सलाइन लावली. डॉक्टरीणबाई नागपूरच्या डॉक्टरशी बोलल्या. मले विचारलं, "ताप केव्हापासून आहे?"

"आत्ताच आला," मी सांगतलं.

पाच दिवसांनी ताप उतरला. मंगळवार हुकला तो हुकलाच, आता सोमवारी नागपूर. काल घरी आलो. नणंदेचा फोन आला, "वयनी, उद्या शनिवार हाये, जाशीन का?" मी म्हटलं, "तूच जा." तिले राग आला असंन, येऊ दे.

तुमी इचारसान, जावं का? मी कोण अडवणारी? जा. पण चालू औषध बंद करू नका, डॉक्टरले सांगून जा. आन् ताप आला तं कोणाच्याच सांगण्यानं थांबू नका. ताप आत्ताच आला नव्हता. मी गाडी काढा म्हटलं, तेव्हाच पाऊण तास झाला होता. मी लेकीले गोधडीत गुंडाळून सूर्याची वाट पाहत बसली होती.