सोमवारचा फ्रिज आणि सानाचा ताप

"रक्ताच्या कल्चरमध्ये लिस्टेरिया नावाचा जंतू आलाय," अलिबागच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "गेल्या काही आठवड्यांत हिनं कच्चं दूध, शिळं मांस, मऊ चीज असं काही खाल्लं होतं का?"

चीज म्हटल्यावर मी माझ्या भावाकडे, इक्बालकडे बघितलं.

माझी मुलगी साना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना चालू होता. ताप आला, पाठ दुखू लागली. फ्लू समजून आम्ही घरीच तापाच्या गोळ्या दिल्या. बाळ कमी हलतंय असं ती म्हणाली, तेव्हा मात्र थेट हॉस्पिटल गाठलं. कल्चर म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहायची तपासणी. निकालाला एक-दोन दिवस लागतात.

मी किहीमकडच्या काही बंगल्यांची देखभाल बघते. मालक मंडळी रविवारी मांडव्याहून मुंबईला परततात. सोमवारी फ्रिजमधलं उरलेलं आम्ही कामाची माणसं वाटून घेतो. मालकच तसं सांगून जातात. सानाला ताप येण्याच्या काही आठवडे आधी वादळानं वीज गेली आणि फ्रिज बराच वेळ बंद राहिला. दूध, मटण मी टाकून दिलं. ब्लू चीजचं काय करावं कळेना. त्यात निळी बुरशी मुळातच असते आणि वासही उग्र. बिघडलं हे ओळखायचं कशावरून?

इक्बाल दुबईच्या हॉटेलात किचनमध्ये होता, म्हणून त्याला विचारलं.

"चिकट लागतंय रे हाताला."

"अगे, बुरशी हीच त्याची शान! मी रोज कापायचो हे. खा गे साना."

"मामू, मोज्यांचा वास येतोय."

"येणारच. नाही आला तर नकली समज."

हसत हसत तिनं पावाला लावून खाल्लं. आम्हीही खाल्लं. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांची पोटं बिघडली आणि लगेच ठीकही झाली. सानाला काहीच झालं नाही, म्हणून मी निर्धास्त होते.

हे सगळं मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या चीजमुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण शक्यता मोठी आहे. हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. गरोदर बाईला ताप कधी कधी काही आठवड्यांनी येतो, आणि वारेतून हा जंतू बाळापर्यंत पोचू शकतो."

"बाळ वाचेल ना?"

"ठोके चांगले आहेत. औषध आत्ताच सुरू करते. आज एवढंच सांगू शकते."

अँपिसिलिन हे अँटिबायोटिक शिरेतून सुरू झालं. रोज एनएसटी व्हायची, म्हणजे पोटाला पट्टे लावून बाळाचे ठोके कागदावर घ्यायचे. मी बाहेरच्या बाकावर बसून दारातून तो आवाज ऐकायची. इक्बाल वर यायचाच नाही. सूपचा डबा वॉर्डमधल्या मावशींकडे देऊन खालीच बसायचा.

"अम्मी, मामूंना वर बोलवा," ताप उतरल्यावर साना म्हणाली. "सुपात मीठ कमी असतं, ते त्यांना तोंडावर सांगायचंय."

तो आला आणि पलंगापाशी मान खाली घालून उभा राहिला. तेवढ्यात बाळानं लाथ मारली. सानानं त्याला खुणेनं दाखवली. दुसऱ्या दिवसापासून सूपचा डबा तो स्वतः वर घेऊन यायला लागला.

घरात गरोदर बाई असेल तर एवढं लक्षात ठेवा. ब्लू चीज ताजं असलं तरी वाफ येईपर्यंत शिजवल्याशिवाय तिला खायला देऊ नका. चिकट, ओलसर झालेलं किंवा अमोनियासारखा वास येणारं कुणीच खाऊ नका. चांगल्या वासावरही विसंबू नका, लिस्टेरियाला वास नसतो. गरोदरपणात ताप आला तर डॉक्टरांना दाखवा आणि काय खाल्लं ते आपणहून सांगा. मध्ये वीज गेलेली असेल, तर आता सोमवारी माझ्या हाताखालचा फ्रिज सरळ खड्ड्यात रिकामा होतो. कुणी कुरकुरलं तर कुरकुरू दे.

दिवस भरल्यावर त्याच हॉस्पिटलात सानाला मुलगा झाला. त्याच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. त्या मॅडमचं नाव घेतल्याशिवाय माझी एकही दुआ पुरी होत नाही.

आमच्यात बाळाच्या तोंडाला आधी वडीलधाऱ्यानं चघळलेल्या खजुराचा कण लावतात. तो मामूंनीच लावायचा, असा सानाचा हट्ट होता. इक्बालनं खजूर हातात धरला आणि वॉर्डात तपासायला आलेल्या मॅडमकडे वळला.

"मॅडम, हे चालेल का?"

"बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको."

"आणि हिला?"

"हिला चालेल."

तेव्हा कुठे त्यानं तो खजूर सानाच्या हातावर ठेवला.